गाठ कुणाची, उकल कुणाची: ‘श्रीसाईसच्चरिता’तल्या दोन कथा

सर्वसमर्थ माणसाची गोष्ट सांगणे हे कथाकारापुढचे फार अवघड काम. ज्याला सगळे ठाऊक आहे, ज्याला स्वतःसाठी काही नको आहे आणि ज्याचे कुणावाचून अडत नाही, त्याच्या वाट्याला संघर्ष यायचा कुठून? आणि संघर्षच नसेल तर कथानक पुढे सरकायचे कशाच्या बळावर? पुष्कळशी संतचरित्रे इथेच अडतात. एका चमत्कारामागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. भाविक मनोभावे हात जोडतो, पण पुढे काय झाले असेल ही ओढ त्याला लागत नाही. काय होणार हे त्याला आधीच माहीत असते.

गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त ही ओढ लागते. शिर्डीत उत्सवाच्या पहिल्या दिवशी द्वारकामाईत, म्हणजे साईबाबा राहत त्या मशिदीत, या ग्रंथाचे अखंड पारायण सुरू होते. घरोघरी सप्ताह बसतात. ज्यांनी तो दहा-वीस वेळा वाचलेला असतो, तेही एखाद्या कथेपाशी आले की आवाज थोडा खाली आणतात आणि सावकाश वाचू लागतात. हे केवळ श्रद्धेने होत नाही. त्यामागे रचना आहे. भाविकाला या ग्रंथातल्या घटना खऱ्या वाटतात, आणि त्याच्या श्रद्धेत मला ढवळाढवळ करायची नाही. मला पाहायचे आहे ते या घटना कशा सांगितल्या आहेत ते. कथानक म्हणजे काय, संघर्ष म्हणजे काय, उकल केव्हा पटते आणि केव्हा पटत नाही, हे शिकायला कथा-कादंबरीच्या अभ्यासकाने शिर्डीचा हा ग्रंथ जरूर उघडावा, असे माझे ठाम मत आहे.

दाभोळकरांचा जन्म 1859 चा. सरकारी नोकरीत चढत गेलेला, वांद्र्याला मॅजिस्ट्रेट म्हणून काम केलेला हा गृहस्थ 1910 मध्ये पहिल्यांदा शिर्डीला आला. बाबांनी देह ठेवला तो 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीला. त्यानंतर दाभोळकरांच्या ओव्या 1923 पासून ‘श्रीसाईलीला’ मासिकातून येऊ लागल्या. 1929 मध्ये दाभोळकर गेले आणि 1930 मध्ये ग्रंथ पुस्तकरूपाने लोकांच्या हाती आला. अध्याय 53, ओव्या नऊ हजारांहून अधिक. एवढ्या मोठ्या ग्रंथातल्या दोनच कथा इथे जवळून पाहायच्या आहेत. एक पहिल्या अध्यायातली, गव्हाच्या दळणाची. दुसरी विसाव्या अध्यायातली, ईशावास्याची.

दळणाची कथा सुरू होते ती एका अगदी साध्या दृश्याने. सकाळची वेळ. दाभोळकर दर्शनाला मशिदीत जातात आणि पाहतात तो बाबा दळायच्या तयारीत. जमिनीवर तरट अंथरलेले, त्यावर जाते मांडलेले. सुपात गहू घेतलेले. कफनीच्या अस्तन्या वर सारलेल्या. खुंटा ठोकून घट्ट केलेला. वैरणीचे गहू मुठीमुठीने जात्यात पडताहेत आणि जाते फिरते आहे.

इथे दाभोळकर घाई करत नाहीत. तरट, सूप, खुंटा, अस्तन्या यांतली एकही गोष्ट त्यांनी गाळलेली नाही. कथेच्या दृष्टीने या तपशिलांना मोठे मोल आहे. ज्या घरात पहाटे जाते फिरते त्या घरातल्या माणसाला हे चित्र रोजचे आहे, आणि दळायला बसलेला माणूस मात्र रोजचा नाही. भिक्षेच्या भाकरीवर राहणारा, संसार नसलेला फकीर पिठाचे करणार काय? बघणाऱ्यांच्या मनात हाच प्रश्न येतो, पण विचारायचे धाडस कुणाला होत नाही. कथानकाचे पहिले मूलतत्त्व इथे हाती लागते: ओळखीच्या जगात एकच अनोळखी गोष्ट ठेवायची. सगळेच विलक्षण असेल तर वाचक त्याला परीकथा म्हणून सोडून देतो. सगळेच ओळखीचे असेल तर तो पान उलटत नाही. जाते ओळखीचे आणि दळणारा अनोळखी, एवढ्या एका विसंगतीवर सगळी कथा उभी राहते.

बातमी गावभर होते. बायाबापड्या धावत येतात. त्यांतल्या चौघी धीट. त्या वर चढतात, बाबांचा हात बाजूला करून खुंटा आपल्या हाती घेतात आणि बाबांच्या लीला गात दळू लागतात. बाबा आधी रागावतात, मग त्यांचे प्रेम पाहून हसतात. इथवर कथेत ताण आहे, पण तो हलका, खेळकर आहे. मग दाभोळकर त्या बायकांच्या मनात शिरतात. दळता दळता त्यांचा विचार चालू आहे: बाबांना ना घरदार, ना मूलबाळ. भिक्षा मागून पोट भरणाऱ्याला हे पीठ काय कामाचे? ते मोठे प्रेमळ आहेत, आपल्यालाच वाटून टाकतील. दळण संपते. जाते भिंतीशी सरकवले जाते. पिठाचे चार वाटे होतात आणि चौघी आपापला वाटा उचलायला निघतात.

त्यांच्या या विचारात खोट कुठे आहे? कुठेच नाही. वाचकही मनाने त्यांच्या बाजूला गेलेला असतो, कारण आत्तापर्यंत त्याच्याही हाती तेवढीच माहिती आहे. आणि नेमक्या त्या क्षणी बाबा कडाडतात. वेड्या झालात की काय, कुणाच्या बापाचा माल लुटून नेता, असे त्यांचे खडे बोल. ते पीठ घेऊन जा आणि गावाच्या शिवेवर ओढ्याकाठी टाकून या, ही आज्ञा. बायका ओशाळतात, आपसात कुजबुजतात आणि सांगितले तसे करून येतात.

संघर्ष म्हटला की नवख्या लेखकाला भांडण आठवते. इथे भांडण घडलेही आहे, पण संघर्ष त्या आरड्याओरड्यात नाही. तो दोन समजुतींमध्ये आहे. बायकांच्या लेखी पीठ म्हणजे भाकरी. बाबांच्या लेखी ते आणखी काही आहे, पण काय ते अजून कुणाला कळलेले नाही. एकाच पिठाकडे दोन बाजूंनी दोन वेगळ्या नजरा लागलेल्या असल्या की संघर्ष उभा राहतो, मग त्यात कुणी दुष्ट असायची गरज उरत नाही. त्या चौघी लोभी नाहीत, कष्टाळू आहेत. त्यांनी जीव ओतून दळले आहे. म्हणूनच त्यांचे ओशाळणे वाचकाला लागते. खलपात्र न आणता संघर्ष उभा करणे ही कथाकाराची खरी कसोटी, आणि दाभोळकर पहिल्याच अध्यायात तिला उतरतात.

आता या कथेतली सगळ्यात कौशल्याची जागा. पीठ शिवेवर पडले तरी वाचकाला अर्थ कळलेला नाही. दाभोळकरांनाही कळलेला नाही. ते शिर्डीकरांना विचारतात आणि तेव्हा गावकरी सांगतात की गावात महामारीची, म्हणजे पटकीची साथ होती. बाबांनी दळले ते गहू नव्हतेच, ती महामारी होती. ती भरडून गावाबाहेर टाकली आणि तिथपासून साथ ओसरली.

घटना प्रत्यक्ष घडल्या त्या क्रमाने ही कथा सांगून पाहा. गावात साथ आली. लोक घाबरले. बाबांनी उपाय म्हणून गहू दळले. पीठ शिवेवर टाकले. साथ गेली. पाच वाक्यांत सगळे संपले. वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. दाभोळकरांनी यातले पहिले वाक्य उचलून शेवटी ठेवले. साथीची बातमी मागे ठेवल्याबरोबर दळण गूढ झाले, बायकांची अटकळ स्वाभाविक झाली, बाबांचा राग अनाकलनीय झाला आणि शिवेवर पडलेले पीठ हे कोडे झाले. घटना त्याच, त्यांची मांडणी बदलली. वृत्तान्त आणि कथानक यांत फरक पडतो तो इथे. वृत्तान्त काळाच्या क्रमाने चालतो, आणि कथानक वाचकाला कोणती गोष्ट केव्हा कळावी त्या क्रमाने. माहिती दडवणे ही फसवणूक ठरू नये म्हणून दाभोळकरांनी आणखी एक दक्षता घेतली आहे. निवेदक स्वतः वांद्र्याहून आलेला पाहुणा आहे. गावात काय चालले आहे ते त्याला खरोखरच ठाऊक नाही. त्याचे अज्ञान प्रामाणिक आहे, म्हणून आपले कुतूहलही प्रामाणिक राहते.

कथा इथे संपवता आली असती. पण दाभोळकर स्वतःला आणि आपल्याला एक प्रश्न विचारतात: गव्हाच्या पिठाचा आणि महामारीचा संबंध काय? कार्यकारणभाव कुठे जुळतो? कथानकाचा कणाच हा कार्यकारणभाव. एकामागून दुसरे घडले एवढ्याने कथानक होत नाही, एकामुळे दुसरे घडावे लागते. आणि इथे तर निवेदकच उघडपणे सांगतो की ही कडी मला जुळवता येत नाही. ग्रंथ लिहायची प्रेरणा आपल्याला या प्रसंगातून झाली, असेही तो म्हणतो. न जुळलेल्या एका कडीपोटी 53 अध्याय जन्माला आले. नऊ हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे. मराठी वाङ्मयात एवढ्या मोठ्या रचनेचे बीज इतक्या स्पष्टपणे पहिल्याच अध्यायात दाखवणारे ग्रंथ थोडे.

बीज हा शब्द मी नाट्यशास्त्रातून घेतला आहे. कथानकाची चर्चा निघाली की आपण ॲरिस्टॉटलचा आरंभ, मध्य आणि अंत सांगतो, किंवा गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये मांडलेली चढत जाणाऱ्या आणि उतरणाऱ्या घटनांची आकृती काढतो. ती उपयोगाची आहेच. पण आपल्याकडे भरतमुनींच्या परंपरेने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. नायकाला काहीतरी हवे असते, तो धडपडतो, आशा दिसते, प्राप्ती निश्चित होते आणि शेवटी फळ हाती येते. शिवाय पाच संधींमध्ये विमर्श नावाचा एक संधी आहे. तिथे फळ हातातून निसटल्यासारखे वाटते, विचाराला खीळ बसते. विसाव्या अध्यायातली कथा वाचताना ही जुनी मोजपट्टी जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कुठे बसत असेल.

त्या कथेचा नायक दासगणू. मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, जन्म 1868 चा, शिर्डीच्याच, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा. पोलिसातली नोकरी सोडून ते कीर्तनकार झाले आणि बाबांचे नाव त्यांच्या कीर्तनांनी महाराष्ट्रभर नेले. त्यांनी ईशावास्योपनिषदावर मराठी रचना करायला घेतली. अठरा मंत्रांचे हे छोटे उपनिषद. पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग शेजारी शेजारी बसवलेले. सगळे ईश्वराने व्यापले आहे, म्हणून टाकून भोगावे, दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नये, असा त्याचा आशय. शब्दार्थ लागला, ओव्या झाल्या, पण मन भरेना. टाकायचे आणि भोगायचेही, हे एका वेळी व्हायचे कसे? दासगणूंनी विद्वानांना विचारले. पुष्कळ चर्चा झाली. समाधान झाले नाही.

आरंभ आणि यत्न या दोन अवस्था इथे झाल्या. संघर्ष कुणाशी आहे ते पाहा. कुणी माणूस आडवा आलेला नाही, निसर्ग नाही, समाजही नाही. विद्वान कवी आणि त्याला न उमगलेला एक मंत्र, यांच्यातला हा झगडा आहे. मराठी कथेने अशा आतल्या संघर्षाला मानाचे पान दिले ते नवकथेच्या काळात, गंगाधर गाडगीळ आणि अरविंद गोखले यांच्या पिढीने. दाभोळकर त्यांच्या कितीतरी आधीचे, आणि त्यांच्यासमोर आदर्श होते ते पोथीवाङ्मयाचे. तरीही विचाराची अडचण हीच कथेची अडचण होऊ शकते हे त्यांनी ओळखले.

दासगणू शिर्डीला येतात, बाबांच्या पायावर डोके ठेवतात आणि आपली अडचण सांगतात. बाबांचे उत्तर थोडक्यात असे: यात अवघड ते काय, परतताना पार्ल्याला काकांकडे उतरशील तेव्हा त्यांच्याकडची मोलकरीण तुझी शंका फेडील. काका म्हणजे हरी सीताराम दीक्षित, मुंबईचे नामांकित सॉलिसिटर. ऐकणाऱ्यांना वाटते, बाबांनी थट्टा केली. अक्षरओळख नसलेली मोलकरीण उपनिषद काय समजावणार? दासगणूंना मात्र शब्दाचा भरवसा वाटतो.

ही प्राप्त्याशा. कथाकाराच्या दृष्टीने ही फार जोखमीची जागा आहे. पुढे काय होणार ते बाबांनी सांगूनच टाकले आहे, मग उत्कंठा उरली कुठे? उरते, आणि वाढते. शंका कोण फेडणार हे कळले, कशी फेडणार हे कळले नाही. शेवट आधी सांगूनही वाचकाला धरून ठेवता येते, फक्त ‘काय’ सांगायचे आणि ‘कसे’ राखून ठेवायचे. ते ‘कसे’ जितके अशक्य वाटेल तितकी ओढ वाढते. म्हणून तर भाष्यकाराच्या समोर मोलकरीण आणली आहे. एखादा शास्त्री आणला असता तर कथा तिथेच मेली असती.

पार्ल्याला दीक्षितांच्या घरी सकाळ होते. दासगणूंच्या कानावर गाणे येते. दीक्षितांच्या घरच्या नोकराची, नाम्याची बहीण गात असते. लहान पोर. भांडी घासता घासता ती एका सुंदर साडीचे गाणे म्हणते आहे. तिचा रंग कसा, काठ कसे, पदर कसा. आणि तिच्या अंगावर आहे एक फाटके फडके. दासगणूंचे मन कळवळते. रावबहादूर मोरेश्वर प्रधान त्यांना धोतरजोडी देतात तेव्हा ते सांगतात की या मुलीलाही एक साडी द्या. प्रधान साडी देतात.

दुसरी सकाळ. मुलगी नवी साडी नेसून आली आहे. आनंद तिच्या अंगात मावत नाही. ती गरागरा फिरते, नाचते, दुसऱ्या मुलींबरोबर फुगड्या घालते.

तिसरी सकाळ. साडी घरी ठेवून ती पुन्हा तेच फाटके नेसून कामाला आली आहे. आणि आनंद कालचाच आहे. तसूभरही उणा झालेला नाही.

दासगणूंची शंका फिटते.

या तीन सकाळींपाशी मी कितीदा थांबलो असेन. रचनेचे सगळे गुपित तीन या संख्येत आहे. दोनच सकाळी असत्या, तर ही दयाळू माणसांची कथा झाली असती: गरीब पोरीला कुणी साडी दिली, पोर खूश झाली. तशा कथा पुष्कळ असतात आणि लवकर विसरल्या जातात. तिसऱ्या सकाळने दुसरीचा अर्थ उलटवला. साडीमुळे आनंद झाला असे दासगणूंना आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी वाटले होते. तो विमर्श होता, फळ निसटायची जागा. तिथे कथा थांबती तर उपनिषदाच्या बरोबर उलटे सिद्ध झाले असते, की आनंद वस्तूत आहे. तिसऱ्या दिवशी कळले की आनंद तिचाच होता. तो साडीत नव्हता आणि फाटक्यात तर नव्हताच. साडी आली तेव्हा ती भोगली, ठेवून दिली तेव्हा हळहळ केली नाही. टाकून भोगणे म्हणजे काय, ते एका लहान पोरीने दोन वस्त्रांत दाखवून दिले.

आणि तिला त्यातले काहीही ठाऊक नाही. तिच्या तोंडी दाभोळकरांनी एकही बोधवाक्य घातले नाही. तिचे स्वतःचे नावदेखील कथेत महत्त्वाचे ठरत नाही. ती फक्त गाते, नाचते, भांडी घासते. तिने एखादे शहाणपणाचे वाक्य उच्चारले असते तर ती लेखकाच्या हातची बाहुली झाली असती. कथेतले सत्य पात्राच्या तोंडून वदवू नये, त्याच्या वागण्यातून दिसू द्यावे, हा नियम कथालेखनाच्या वर्गात शंभरदा सांगितला जातो. विसाव्या अध्यायात तो पाळलेला पाहायला मिळतो.

दासगणूही नुसते पाहत बसलेले नाहीत. साडी त्यांच्याच सांगण्यावरून मिळाली आहे. नायकाने काही केले नाही आणि फळ आकाशातून पडले, तर वाचकाचा विश्वास बसत नाही. दासगणूंनी दयेपोटी एक कृती केली आणि त्या कृतीतूनच त्यांचा भ्रम उघडा पडला. ती गरीब आहे म्हणून दुःखी असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांच्या शंकेच्या मुळाशी हेच गृहीतक होते. मंत्रातली अडचण आणि मुलीबद्दलची अडचण एकच होती, आणि दोन्ही एकाच सकाळी सुटल्या. उत्तम कथानकात बाहेरची गाठ आणि आतली गाठ एकाच हिसक्याने सुटतात. या कथेत तसे घडते.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. सर्वसमर्थ माणसाच्या कथेत संघर्ष यायचा कुठून? दाभोळकरांचे उत्तर असे की तो समोरच्या माणसातून येतो. या ग्रंथात बाबा बहुधा कथेचे नायक नसतात. ते स्थिर राहतात. त्यांना काही मिळवायचे नसते, म्हणून त्यांच्यात बदल होत नाही. ज्याला काही हवे आहे, ज्याची काही समजूत आहे आणि जो शेवटी बदलतो, तो कथेचा नायक. दळणाच्या कथेत त्या चार बायका आणि त्यांना पाहणारा निवेदक. ईशावास्याच्या कथेत दासगणू. बाबा फक्त एवढे करतात, की त्या माणसाची त्याच्याच समजुतीशी गाठ घालून देतात. गाठ त्याची, उकलही त्याचीच. चमत्काराच्या कथेत सहसा संकट बाहेरून येते आणि सुटकाही बाहेरून होते, मधला माणूस होता तसाच राहतो. दाभोळकरांच्या उत्तम कथांत मधला माणूस बदलतो, म्हणून त्या कथा वाटतात.

स्वतःलाही त्यांनी या नियमातून सूट दिलेली नाही. दुसऱ्या अध्यायात ते आपली पहिली शिर्डीवारी सांगतात. एका स्नेह्याचा मुलगा गुरू जवळ असूनही वाचला नाही, ते पाहून त्यांचा गुरूवरचा विश्वास उडालेला. बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर यांनी कानउघाडणी केल्यावर ते निघाले खरे. मनमाडची गाडी दादरला थांबत नाही हे त्यांना माहीत नव्हते. लोकलमध्ये भेटलेल्या एका मुसलमान प्रवाशाने ऐन वेळी बोरीबंदरला जायला सांगितले नसते तर गाडी चुकली असती आणि मनाने पुन्हा कच खाल्ली असती. शिर्डीत पोचल्या दिवशीच साठेवाड्यात बाळासाहेब भाट्यांशी त्यांचा वाद जुंपला: गुरू हवाच कशाला? थोड्या वेळाने मशिदीत बाबा काकासाहेब दीक्षितांना विचारतात, वाड्यात काय चालले होते, हे हेमाडपंत काय म्हणत होते? देवगिरीच्या यादवांच्या त्या विद्वान प्रधानाचे नाव बाबांनी वाद घालणाऱ्या पाहुण्याला दिले आणि ते कायमचे चिकटले. दाभोळकरांनी ते लाजून लपवले नाही, ग्रंथाच्या आरंभीच सांगितले. जो निवेदक आधी स्वतःची शंका मांडतो, त्याच्या श्रद्धेवर वाचक विश्वास ठेवतो. लेखकाची विश्वासार्हता अशीच मिळवावी लागते.

ग्रंथात उणीव नाही असे मी म्हणणार नाही. दाभोळकरांना निरूपणाचा मोह आवरत नाही. कथा रंगात आली असताना गुरुमहिमा, नामाचे माहात्म्य, संसाराची नश्वरता यांवर ओव्यांमागून ओव्या येतात आणि कथेचा ताण सैल पडतो. कथेआधी प्रस्तावना, कथेनंतर तात्पर्य. ईशावास्याच्या कथेत मुलीने न बोलता जे सांगितले ते नंतर निवेदक फोडून सांगतो, तेव्हा वाटते की आता थांबावे. पण हा ग्रंथ एकट्याने मनात वाचायला लिहिलेला नाही. तो मोठ्याने वाचायला आहे, दहा माणसांत, सात दिवस. ऐकणाऱ्याला मधे विसावा लागतो, आणि निरूपण तो विसावा देते. पोथीच्या श्रोत्यासाठी हा गुण आहे, कथेच्या वाचकासाठी उणीव. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मराठी कादंबरीने संघर्षाची सगळी रूपे पाहिली आहेत. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये एक स्त्री आणि रूढींनी बांधलेला समाज समोरासमोर येतात. ‘बनगरवाडी’त सबंध गाव दुष्काळापुढे हतबल होते. ‘धग’मधली कौतिक दारिद्र्याशी झुंजते, ‘कोसला’तला पांडुरंग स्वतःशीच. या थोर ओळीत एक पोथी आणून बसवणे कुणाला धाडसाचे वाटेल. दाभोळकरांनी कादंबरी लिहिली नाही आणि तसा त्यांचा हेतूही नव्हता. पण माणसाचा सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी म्हणजे त्याने आधीच ठरवून टाकलेली समजूत, हे त्यांनी ज्या साधेपणाने कथेत उतरवले, तो साधेपणा पुष्कळ नामवंत लेखकांना साधलेला नाही.

शिर्डीला गेलात तर द्वारकामाईत ते जाते आजही ठेवलेले आहे. लोक त्याला नमस्कार करून पुढे जातात. तुम्हीही करा. पण घरी आल्यावर पोथी उघडा, पहिला आणि विसावा अध्याय मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारा: कुणाला काय हवे होते, आड काय आले, आणि शेवटी बदलले कोण? जे लिहू पाहतात त्यांनी हेच तीन प्रश्न स्वतःच्या कथेलाही विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कथा अजून लिहून झालेली नाही असे समजावे आणि पुन्हा लिहायला बसावे.